होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील

लोकशाही महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी असते. त्या सोमवारी सरकारी सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात ‘लोकशाही दिन’ भरतो. अर्ज विहित नमुन्यात हवा, दोन प्रतींत हवा, पंधरा दिवस आधी दिलेला हवा आणि त्याआधी तालुक्याच्या लोकशाहीतून जाऊन आलेला हवा. एवढं सगळं ज्याला जमत नाही, तो महिन्याच्या उरलेल्या दिवसांत आंदोलन करतो.

आंदोलनाला विहित नमुना नसतो, असं बाहेरच्यांना वाटतं. असतो. त्याला निवेदन म्हणतात. ‘प्रति, मा. जिल्हाधिकारी साहेब’ इथून सुरुवात. पहिल्या परिच्छेदात सविनय विनंती, दुसऱ्यात ‘खेदाने नमूद करावेसे वाटते की’, आणि तिसऱ्यात एकदम ‘तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास सर्वस्वी प्रशासन जबाबदार राहील’. एवढी धमकी देऊन झाली की खाली उजवीकडं लिहायचं, ‘आपला विश्वासू’. मग ‘प्रत माहितीस्तव : मा. पोलीस अधीक्षक’. म्हणजे आम्हाला कुठल्या चौकातून, किती वाजता उचलायचं, हे आम्हीच आधी लेखी कळवतो. अकराची वेळ लिहिलेली असते, आम्ही साडेबाराला पोचतो, आणि तोवर पोलीस उन्हात उभे राहून आमच्यावरच चिडलेले असतात.

माझं माहेर लातूर आणि सासर नांदेड. मधे साधारण एकशेचाळीस किलोमीटर, लोहा आणि अहमदपूर. आंदोलनांच्या बाबतीत मी दोन्ही घरचं जेवलेली बाई आहे. सासरी आमचे थोरले भाऊजी, निवृत्त मुख्याध्यापक. माहेरी आमचा दादा, त्याची मोंढ्यात आडत. पक्ष म्हणाल तर दोघांनाही तसा नाही. आहे ती पिशवी. भाऊजींच्या पिशवीत सतरंजी, छत्री, बीपीची गोळी, पाण्याची बाटली आणि पोचांची फाईल. पोच म्हणजे निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर मारलेला आवक विभागाचा शिक्का. भाऊजी संध्याकाळी घरी आले की मी चहा ठेवते आणि विचारते, “काय झालं?”

“झालं की. पोच मिळाली.”

“आणि मागणीचं?”

“मागणी आत गेली न. आता ती त्यांच्याकडं हाय, आपण मोकळे.”

सुरुवातीला मला हे हास्यास्पद वाटायचं. आता वाटत नाही. माणसानं आशा कशाला बांधावी, याचं काही तारतम्य हवं. ‘रेल्वे मिळेल’ या आशेवर कुणी चाळीस वर्षं काढू शकत नाही. ‘शिक्का मिळेल’ या आशेवर काढू शकतो. शिक्का रोज मिळतो.

रेल्वेचंच घ्या. नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे आमचं मुख्यालय सिकंदराबाद. लातूर मध्य रेल्वेत, म्हणजे त्यांचं मुंबई. दोन्ही गावांतले लोक रेल्वेसाठी आयुष्यभर भांडले, पण एका साहेबासमोर कधी उभे राहिले नाहीत. नांदेडहून लातूरला रेल्वेनं जायचं तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा सगळ्या पाहुण्यांना भेटत जायचा रस्ता. थेट मार्गाची मागणी जुनी आहे, फायलीत पिवळी पडलेली आहे. लातूरकरांनी तर २०१७ साली उलटंच आंदोलन केलं. मुंबई-लातूर एक्स्प्रेस पुढं बिदरपर्यंत नेली, तेव्हा गाडी पुढं जाऊ नये म्हणून. इतर गावं गाडी थांबावी म्हणून रुळावर बसतात. आमचं माहेर गाडी संपावी म्हणून बसलं. कारण साधं होतं, परतीला गाडी बिदरहूनच भरून आली तर लातूरकरांनी बसायचं कुठं? दादा त्या दिवसांत इतका तापला होता की मी माहेरी जायचा बेत पुढं ढकलला.

आता एक गोष्ट बाहेरच्यांना सांगायला लाज वाटते, पण सांगते. मराठवाड्यानं महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले : शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. चारही या दोनच जिल्ह्यांतले. दोन नांदेडचे, दोन लातूरचे. त्यातही गंमत अशी की १९८६ साली निलंगेकर उतरले आणि शंकरराव बसले, २००८ साली विलासराव उतरले आणि अशोकराव बसले. दोन्ही वेळा खुर्ची लातूरहून थेट नांदेडला आली. खुर्चीला जो सरळ रस्ता सापडला तो रेल्वेला अजून सापडलेला नाही. आणि एवढे चार मुख्यमंत्री होऊनही आम्ही दोन्ही गावांतले लोक हातात निवेदन घेऊन उभेच. परजिल्ह्यातले लोक विचारतात, “तुमच्याकडं तर सगळं झालं असेल?” झालं न. आंदोलनाचा सराव झाला.

त्या सरावाची मोठी परीक्षा २००९च्या जानेवारीत झाली. औरंगाबादच्या महसुली विभागाचे दोन तुकडे करून नांदेडला नवीन विभागीय आयुक्तालय करायचं, त्यात नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूर घालायचे, असा निर्णय सरकारनं घेतला. नांदेडला भाऊजींनी पेढे आणले. लातूर पेटलं. आयुक्तालय आम्हालाच पाहिजे होतं, ते दिलं नाही ते नाही, वर आम्हाला नांदेडच्या हाताखाली घातलं! बंद, मोर्चे, सगळं सुरू झालं. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. बाजार बंद करायचा म्हटलं की लातूरवाल्यांना सोळा तोंडं बंद करावी लागतात, आणि त्या जानेवारीत त्यांनी ती केली.

दादाचा फोन आला. “तुझ्या सासरच्यांना सांग, आमच्या सातबाराची फाईल त्यांच्या गल्लीत येणार न्हाई म्हणून.”

मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, “तुमच्या दादाला विचारा, मुख्यमंत्री तुमचाच होता तवा का न्हाई नेलं?”

मी तेही सांगितलं. त्या वर्षी संक्रांतीचा तिळगूळ लातूरहून आला नाही.

माझी अवस्था अशी की नांदेडच्या ओट्यावर बसले की लातूर आडमुठं वाटायचं आणि फोन कानाला लावला की नांदेड आगाऊ वाटायचं. प्रकरण न्यायालयात गेलं, समित्या आणि हरकती झाल्या, सरकारं बदलली. आयुक्तालय नांदेडला झालं नाही, लातूरलाही झालं नाही. जिथं होतं तिथंच राहिलं. गावाचं नाव तेवढं छत्रपती संभाजीनगर झालं. आठही जिल्हे आजही त्याच एका आयुक्तालयात जातात. भाऊजींना मी एकदा विचारलं, “गेलंच म्हणायचं का आता हे?” ते म्हणाले, “गेलं कसं? लातूरला तर मिळालं न्हाई न!” हाच प्रश्न दादाला विचारला तर त्यानं गावाचं नाव बदलून हेच उत्तर दिलं. आशेचे अनेक प्रकार आहेत. त्यात हा सगळ्यात टिकाऊ.

पाण्याच्या आंदोलनात मात्र दोन गावांत मूलभूत फरक आहे. नांदेडला गोदावरी आहे, त्यामुळं आमच्याकडं ‘जलसमाधी आंदोलनाचा इशारा’ देता येतो. लोक गुडघाभर पाण्यात उभे राहतात, घोषणा देतात, काठावर पोलीस आणि पोहणारी मंडळी तयार असतात, नायब तहसीलदार पॅन्ट वर करून निवेदन घ्यायला येतात. लातूरला हा इशारा द्यायचा तर आधी पाणी पाहिजे. तिथं हंडा मोर्चा असतो.

हंडा मोर्च्यात मी स्वतः गेलेली आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बायकांनी घरातलं सापडलं ते भांडं उचललं असेल. तसं नसतं. महापालिकेच्या दारात आपटून फोडायचा माठ वेगळा. तो आधीच चिरलेला, कुंभाराकडून फुकटात आणलेला. डोक्यावरचा हंडा वेगळा. तो जुना असतो, पोचे पडलेला असतो, हरवला तरी जीव जळू नये असा असतो, पण गळका नसतो. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना नव्या सूनबाईनं विचारलं, “आत्या, परसातला फुटका हंडा घेऊ का? नुस्तं मिरवायचंच तर हाय.” मावशी तिच्यावर खेकसल्या, “फुटका कशाला? आन् दिलंच पाणी तर?”

आशावादावर मी बरीच जाड पुस्तकं चाळली आहेत, पण मावशींच्या पुढं कुणी गेलेलं दिसलं नाही. पाणी मिळणार नाही याची त्यांना पक्की खात्री होती. म्हणून तर मोर्चा होता. तरी हंडा तपासून घेतला होता.

२०१६ साली मात्र मोर्च्याचीही पंचाईत झाली. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरायच्या ठिकाणांभोवती १४४ कलम लागलं. पाच माणसं जमायची नाहीत. आमच्याकडं ‘शोले स्टाईल’ हा आंदोलनाचा एक मान्यताप्राप्त प्रकार आहे : टाकीवर चढायचं, खाली गर्दी जमवायची. आता टाकीजवळच जायचं नाही म्हटल्यावर लातूरच्या वीरूंनी करायचं काय? एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तिच्यावर श्रेय घेणारी पोस्टरं चिकटलेली होती, त्यामुळं पाणी कुणी आणलं याबद्दल कुणाच्या मनात शंका राहिली नाही. दादा स्टेशनवर बघायला गेला होता. परत येऊन म्हणाला, “बघ, लातूरला गाडी येत न्हाई म्हणू लालतीस. आली का न्हाई?”

आणि ज्याला आंदोलनाचं राजेपण बघायचं असेल त्यानं धर्माबादला जावं. नांदेड जिल्ह्याच्या टोकाचा हा तालुका, मिरचीसाठी प्रसिद्ध. तिथल्या गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याला विरोध करायला २०१० सालच्या जुलैमध्ये चंद्राबाबू नायडू आंध्रातून आपले आमदार-खासदार घेऊन थेट हद्दीत शिरले. तेव्हा ते विरोधी पक्षनेते होते. पोलिसांनी सगळ्यांना धरून धर्माबादच्या आयटीआयमध्ये ठेवलं. पाहुणे जामीन घेईनात आणि जाईनात. शेवटी सरकारनं त्यांना विमानात घालून हैदराबादला पोचवलं. आम्ही आयुष्यभर आंदोलनं केली. आम्हाला पोलीस मैदानात नेऊन बसवतात, नावं लिहून घेतात आणि संध्याकाळी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ६८ खाली धरून ६९ खाली सोडून देतात. घरी जायला सिटी बससुद्धा आपल्या पैशानं. भाऊजींना विमानाचं फार लागलं होतं. पुढं २०१८ साली, नायडू मुख्यमंत्री असताना, त्याच प्रकरणात धर्माबादच्या न्यायालयानं त्यांच्यावर अजामीनपात्र वॉरंट काढलं, तेव्हा कुठं भाऊजींच्या जिवाला थंड वाटलं. “बघा,” म्हणाले, “आपला तालुका विसरत न्हाई.”

बंधारा मात्र झाला. २०१३च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, फक्त दरवाजांना वेळापत्रक लावून : एक जुलैपासून अठ्ठावीस ऑक्टोबरपर्यंत दरवाजे वर. म्हणजे पावसाळाभर नदी बघायची आणि पाऊस संपला की पाणी अडवायचं. त्यावर आता आंदोलन होतं. काठावरच्या काही गावांनी तर वेगळीच वाट काढली. आम्हाला तेलंगणात जाऊ द्या म्हणून २०१९च्या आसपास सरपंच थेट हैदराबादला जाऊन आले. भाऊजींना हा प्रकार मुळीच आवडला नाही. भांडायचं तर घरात राहून भांडावं, असं त्यांचं मत आहे, आणि माझंही.

उपोषणांबद्दल दोन शब्द. आमरण उपोषण दोन्ही गावांत होतं, पण घरच्यांचा कल साखळी उपोषणाकडं असतो. साखळी म्हणजे आज याचा उपवास, उद्या त्याचा. सकाळी बसायचं, सरकारी दवाखान्याचा माणूस येऊन बीपी-शुगर तपासून जातो, संध्याकाळी घरी येऊन जेवायचं. आमच्या भाऊजींची शुगर साखळी उपोषणात कायम नॉर्मल असते. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दरवेळी म्हणतात, सरकारनं ही मागणी कधी मान्य करू नये.

इथं थोडं थांबते, कारण पुढच्या गोष्टीत विनोद नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं जुलै १९७८ मध्ये केला आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ला. मधली साडेपंधरा वर्षं ज्या लोकांनी काढली त्यांची घरं जळाली, माणसं मेली. नांदेडच्या गौतम वाघमारेंनी १९९३च्या नोव्हेंबरात स्वतःला जाळून घेतलं. कुणी आत्मदहनाच्या इशाऱ्यावर थट्टा करायला लागलं की आमच्याकडची जुनी माणसं गप्प होतात ती त्यामुळं. त्याच १९९४ साली, सप्टेंबरच्या सतरा तारखेला, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ सुरू झालं आणि लातूरही त्याच्या कक्षेत आलं. ती तारीखही उशिराचीच. देशाला स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७ला मिळालं ते आम्हाला १७ सप्टेंबर १९४८ला मिळालं, तेरा महिन्यांनी. त्या तेरा महिन्यांत नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँकसुद्धा आमच्या लोकांनी निजामाविरुद्धच्या लढ्यासाठी लुटली. अशा मुलखातल्या माणसाला ‘अजून वेळ लागेल’ असं सांगितलं तर तो घाबरत नाही. किती, एवढंच विचारतो.

याच जोरावर भाऊजींचा एक सिद्धांत आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा कायदा २००५चा आहे. एका जागी साधारण तीन वर्षं. भाऊजींनी किती जिल्हाधिकारी येताना आणि जाताना पाहिले! प्रत्येक नवे साहेब म्हणतात, “मी नवीन आहे, अभ्यास करून सांगतो.” अभ्यास होत येतो तोवर बदली. इतर लोक यानं खचतात. भाऊजी उलट ताजे होतात, कारण नव्या साहेबाला जुनं प्रकरण माहीत नसतं, म्हणजे पुन्हा पहिल्या निवेदनापासून सुरुवात, पुन्हा सविनय विनंती, पुन्हा नवा आवक क्रमांक. “त्यांची बदली होते, आपली होते का?” असं ते विचारतात. होत नाही, हे खरं आहे. वहिनींनी एकदोनदा प्रयत्न केले होते.

आवक विभागातला एक कारकून तर भाऊजींना आता तब्येत विचारतो. मधे ते आजारी होते, महिनाभर गेले नाहीत, तर त्यानं निरोप पाठवला, सर ठीक आहेत ना? ज्या कार्यालयाचा निषेध करायचा त्याच कार्यालयात आपली वाट बघणारा एक माणूस असणं, याला काय म्हणायचं ते मला ठरवता आलेलं नाही.

मुलांना हे सगळं पटत नाही. माझा मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, “आई, ऑनलाइन तक्रार टाका ना, ट्रॅक करता येते.” त्याला मी विचारलं, ऑनलाइनला कुणी चहा पाजतो का? धरण्याला बसलं की समोरचा टपरीवाला पहिला चहा आपणहून देतो, मंडपवाला सतरंजीचे पैसे नंतर घेतो, शेजारच्या मंडपात बसलेले कंत्राटी कर्मचारी आपली भाजी वाढतात आणि आपणही त्यांच्या घोषणेत दोन वेळा ‘झालाच पाहिजे’ म्हणून येतो. काय झालं पाहिजे, ते नंतर विचारायचं. निराश माणूस एकट्यानं घरी बसलेला असतो. मंडपात बसलेल्याला निराश व्हायला एकांतच मिळत नाही.

आणि आता सोयरिकीच्या इतिहासात न घडलेली गोष्ट घडली आहे. भाऊजी आणि दादा एका बाजूला आले. वर्ध्याच्या पवनारहून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत जाणारा शक्तिपीठ महामार्ग, २०२५च्या मंजुरीनुसार ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे. त्यात नांदेडही आहे आणि लातूरही. २०२५च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं त्याच्या भूसंपादनासाठी वीस हजार सातशे सत्त्याऐंशी कोटींना मंजुरी दिली, आणि बागायती जमिनी जाणारे शेतकरी रस्त्यावर उतरले. जमीन भाऊजींची जात नाही, दादाचीही जात नाही. त्यानं काही अडत नाही. दोघंही पाठिंब्याला गेले आणि एका बैठकीत समोरासमोर आले. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एकमेकांना चहा दिला.

ठरलं असं की दोन्ही जिल्ह्यांनी मिळून एकच निवेदन द्यायचं. आधी कुणाचं नाव लिहायचं यावर दोन दिवस गेले. ‘नांदेड-लातूर’ लिहिलं तर दादा सही करीना, ‘लातूर-नांदेड’ लिहिलं तर भाऊजी. शेवटी अकारविल्हे लावायचं ठरलं, तेव्हा दादाच्या लक्षात आलं की ‘न’ आधी येतो आणि ‘ल’ नंतर. मग ‘दोन्ही जिल्हे’ असं लिहून ते संपवलं.

मग प्रश्न आला, द्यायचं कुठं. दोन जिल्ह्यांचा विषय, म्हणजे एका जिल्हाधिकाऱ्याकडं चालणार नाही. वर द्यावं लागेल. वर म्हणजे विभागीय आयुक्तांकडं.

दोघंही माझ्या स्वयंपाकघराबाहेर बसून एसटीचं वेळापत्रक बघत होते. पहाटे निघायचं, संभाजीनगरला दुपारपर्यंत पोचायचं, शिक्का घ्यायचा, रात्री परत. भाऊजींनी चष्मा काढला.

“हे आयुक्तालय त्या वर्षी नांदेडला झालं असतं तर—”

“लातूरला,” दादा म्हणाला.

मी गॅस बारीक केला आणि भाकरी किती बांधायच्या ते विचारायला बाहेर आले.